हिरवी खूण आणि रिकामा फोल्डर

मंडळी, सुरुवात एका फजितीने करतो. घरच्या स्टोरेज सर्व्हरवर, म्हणजे नॅसवर, मी क्लाउड बॅकअप बसवला आणि तीन आठवडे रोज सकाळी ‘बॅकअप यशस्वी’ असा निरोप यायचा. बाजूला हिरवी खूण. मी खूश. मग एकदा सहज क्लाउडवर किती जागा भरली ते पाहिलं. काही किलोबाइट! घरात नुसते फोटोच दोन टेराबाइटचे.

झालं होतं असं. बॅकअपचा प्रोग्राम डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सर्व्हरपासून वेगळ्या ठेवलेल्या एका डब्यात, चालत होता. कंटेनरला सर्व्हरवरचं आपोआप काही दिसत नाही. तुम्ही जो फोल्डर जोडून द्याल तेवढाच त्याला दिसतो. मी फोल्डरचा पत्ता, म्हणजे पाथ, लिहिताना ‘फोटो’च्या जागी ‘फोटोज’ लिहिलं. आता डॉकरची खोड बघा: कमांडमध्ये ‘मायनस व्ही’ लिहून जोडायला दिलेला फोल्डर अस्तित्वात नसेल तर तो तक्रार करत नाही, त्या नावाचा रिकामा फोल्डर गुपचूप तयार करतो. मायनस व्हीऐवजी ‘माउंट’ हा पर्याय वापरला असता तर तिथेच अडला असता. प्रोग्राम बिचारा प्रामाणिक. रिकाम्या फोल्डरचा बॅकअप त्याने खरोखरच यशस्वी केला होता!

तेव्हापासून माझी एक सवय आहे. कंटेनर सुरू झाला की आधी त्याच्या आत शिरायचं, फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही कमांड मारायची, आणि फाइलींची नावं डोळ्यांनी पाहायची. मगच वेळापत्रक लावायचं. नावं दिसतात पण फाइल उघडत नाही, असं झालं तर प्रकरण परवानग्यांचं. कंटेनर ज्या युजरच्या नावाने चालतो त्याला तो फोल्डर वाचता यायला हवा. आणि हो, कंटेनरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असतं. रात्री दोनला लावलेलं काम भलत्याच वेळी सुरू झालं तर गोंधळू नका.

बसवण्याबद्दल थोडंसं. सर्व्हरला ना स्क्रीन ना माउस, त्यामुळे खिडक्या उघडणारा प्रोग्राम तिथे कामाचा नाही. बॅकअपचे दोन प्रोग्राम सांगतो. रेस्टिक ही एकच फाइल, कमांडवर चालते. डुप्लिकाटी ब्राउझरमधून चालवता येतं, पोर्ट 8200. नवखा असाल तर डुप्लिकाटी सोपं वाटेल. मी स्वतः रेस्टिकवर आहे. फाइल उतरवण्याआधी ‘यूनेम मायनस एम’ ही कमांड देऊन प्रोसेसर पाहा. स्वस्तातल्या बऱ्याच नॅसमध्ये एआरएम जातीचा प्रोसेसर असतो, आणि इंटेलसाठीची फाइल त्यावर टाकली की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ ठरलेली.

‘माझ्याकडे रेड आहे, बॅकअप कशाला?’ हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं. त्यातलं रेड 1 दोन्ही डिस्कवर तेच लिहितं, म्हणून चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते.

आता पहिल्या अपलोडचा हिशोब. अपलोडचा वेग सेकंदाला 10 मेगाबिट धरा, म्हणजे सव्वा मेगाबाइट. एक टेराबाइट चढायला सव्वानऊ दिवस, तेही मध्ये खंड पडला नाही तर. माझ्या दोन टेराबाइटना साडेअठरा. म्हणून सगळं एकदम लावू नका. आधी कागदपत्रं, मग फोटो, सिनेमे शेवटी, किंवा नकोच. दुसऱ्या दिवसापासून फक्त बदललेलं चढतं, तेव्हा काम मिनिटांत आटोपतं.

पासवर्डचं मात्र गंभीरपणे घ्या. रेस्टिक सगळं एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं करून, पाठवतं. पासवर्ड हरवला तर डेटा गेला, ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण तिथे नाही. तो पासवर्ड फक्त नॅसवरच्या फाइलमध्ये ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखं. माझा कागदावर लिहिलेला आहे, घराबाहेर.

‘रेस्टिक चेक’ नुसतं चालवलं तर मुख्यतः नोंदवही जुळते का ते पाहिलं जातं. प्रत्यक्ष डेटा वाचला जात नाही. ‘रीड डेटा सबसेट’ या पर्यायाला पाच टक्के सांगितले, की तेवढा भाग खाली उतरवून तपासला जातो. मी ते महिन्यातून एकदा करतो.

पण खरी परीक्षा वेगळीच. समोरचा हा लॅपटॉप कोरा आहे, माझ्या नॅसशी त्याचा काही संबंध नाही. खिशात तो कागद आहे. आता एक फोटो क्लाउडवरून परत आणतो. कुठला आणायचा ते तुम्हीच सांगा, म्हणजे मी आधीच तयारी करून आलोय असं वाटायला नको.