खापरी ते नागपूर, समोरच्या काचेतून

(कळंब, जि. यवतमाळ येथील वाचनालयात एका निवृत्त लोको पायलटने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, पत्रिकेत विषय ‘रेल्वेतील अनुभव’ असा छापलाय. अनुभव सांगायला बसलो तर रात्र पुरायची नाही, आणि त्यातले अर्धे तुम्हाला कोणताही अपडाऊनवाला माझ्यापेक्षा रंगवून सांगेल. म्हणून मी एकच तुकडा घेतो. वर्ध्याहून निघालेली मेमू, म्हणजे जवळच्या अंतराची विजेवरची पॅसेंजर, बुटीबोरी सोडते तिथपासून नागपूरच्या फलाटाला लागेपर्यंतचा. गुमगाव, खापरी, अजनी, नागपूर. बस.

प्रवाशाला हाच भाग सगळ्यात कंटाळवाणा वाटतो. पिशव्या वरून काढून झालेल्या असतात, दारात गर्दी झालेली असते, आणि गाडी रांगत असते. आमच्या कॅबमध्ये मात्र खरी ड्यूटी तिथूनच सुरू होते.

कळंबला येऊन नागपूरच्या वेशीच्या गोष्टी कशाला, असं वाटेल. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब मार्गावर पहिली गाडी धावली. यवतमाळला शकुंतला ही छोट्या रुळांची गाडी होती, पण ती मूर्तिजापूर-दारव्ह्याकडून यायची. कळंबच्या शिवारात रूळ नव्हताच. म्हणजे देवळी, भिडी, कळंब या पट्ट्यातल्या लोकांना दारासमोरून गाडी जाण्याची सवय नाही. नागपूरकरांना दीडशे वर्षांची आहे, १८६७ पासून. त्या सवयीनं काय होतं ते मी समोरच्या काचेतून पाहिलंय, आणि तेच तुमच्यापुढे ठेवायचंय.

तुम्ही डब्याच्या खिडकीतून बघता ते आडवं. झाड आलं, गेलं. घर आलं, गेलं. कॅबमधून काहीच ‘जात’ नाही, सगळं अंगावर येतं. आणि त्याला चुकवता येत नाही, कारण आमच्याकडे स्टिअरिंग नाही. हे सांगितलं की लोक हसतात, पण एकदा बसून बघा म्हणावं. हातात तीन गोष्टी: वेग वाढवायचा, ब्रेक लावायचा, हॉर्न द्यायचा. मेमूच्या मास्टर कंट्रोलरला वर ‘डेडमॅन’ असतो. हँडल दाबून धरलेलं सुटलं की गाडी आपोआप थांबते. मोठ्या इंजिनात दुसरी सोय आहे. ६० सेकंदांत ड्रायव्हरनं काहीच हालचाल केली नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, आणि तरीही दाद दिली नाही तर ब्रेक लागतात. ड्रायव्हर जागा आहे की नाही हे यंत्र विचारत राहतं. घरी बायको विचारायची त्यापेक्षा जास्त वेळा.

आता हिशोब करा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. ‘अरे’ म्हणेपर्यंत गाडी या वाचनालयाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे गेलेली असते. लांब मेल गाडीला पूर्ण ब्रेक लावला तरी थांबायला किलोमीटरभर लागतो. मेमू त्यापेक्षा लवकर थांबते, पण तिलाही काही शे मीटर पाहिजेतच. म्हणूनच पुढची सूचना देणारा डिस्टंट सिग्नल होमच्या, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलच्या, किमान एक किलोमीटर आधी उभा असतो, आणि वेगवान मार्गावर त्याच्याही एक किलोमीटर मागे आणखी एक. सिग्नलच्या खुणा चार: लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा. सहायक सोबत असला की तो हात दाखवून मोठ्यानं म्हणतो, ‘डिस्टंट, डबल यलो!’ आणि मी तेच परत म्हणतो. बाहेरच्या माणसाला ही पोरांची शाळा वाटेल, पण डोळ्यांनी पाहिलेलं तोंडानं म्हटलं की डोकं ते टाळत नाही.

नागपूरला शिरताना गाडी का रखडते, हे मला प्रत्येक लग्नात विचारलं जातं. ‘काय जी, अजनीच्या अलीकडे अर्धा घंटा काहून उभी ठेवता?’ मी ठेवत नाही, बाप्पा. मुंबई-हावडा मार्ग भुसावळ-बडनेऱ्याकडून वर्ध्याला येतो. दिल्ली-चेन्नई मार्ग बल्लारशाकडून वर्ध्याशेजारच्या सेवाग्रामला येतो. सेवाग्राम ते नागपूर हे पाऊणशे किलोमीटर दोन्ही मार्ग एकाच वाटेनं जातात. त्यात चंद्रपूर-वणीचा कोळसा. भरलेल्या कोळशाच्या मालगाडीचं वजन पाच हजार टनांच्या आसपास असतं. ती एकदा थांबवली की पुन्हा वेग पकडायला तिला किती वेळ लागतो हे गाड्यांचा क्रम ठरवणाऱ्या कंट्रोलवाल्याला चांगलं ठाऊक असतं. राजधानी, दुरांतो, मेल, कोळसा, आणि मग आपली मेमू. तिसऱ्या-चौथ्या लाईनचं काम हाती घेतलंय ते यासाठीच. त्यात नागपूर यार्डात फलाटाला जायचं तर सांधे, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे जोड, बदलत जावं लागतं, आणि सांध्यावर वेगाची मर्यादा ताशी ३०, काही ठिकाणी १५. शेवटचा डबा सांध्यावरून उतरेपर्यंत वेग वाढवता येत नाही. म्हणून फलाट दिसतो आणि येत नाही.

पण मला सांगायचंय ते दुसरंच.

बुटीबोरीपर्यंत रुळावर दिसतात ती जनावरं. पहाटे रोही, म्हणजे नीलगाय. ते रुळांमधून सरळ पुढे पळत सुटतं, बाजूला होत नाही. शेळ्या, पावसाळ्यात म्हशी. शेतकरी सहसा दिसत नाही, कारण शेतकऱ्याला गाडीची वेळ पाठ असते. तो गाडी बघून जेवायला बसतो. खापरी आली, मेट्रोचे खांब दिसायला लागले, की चित्र बदलतं. शहर रुळाकडे पाठ करून बसतं. घराचा दर्शनी भाग रस्त्याकडे, मोरी रुळाकडे. म्हणून आम्हाला नागपूर दिसतं ते मागच्या दारानं: वाळत घातलेल्या साड्या, फुटके संडास, पाण्याच्या काळ्या टाक्या, कोंबड्या, भंगार, कुणाची तरी दहावीची अभ्यासाची खोली. रात्री दहाला त्या खोलीत दिवा असायचा. पोरगा पास झाला असावा, कारण पुढच्या जूनपासून तिथे भाडेकरू आले.

आणि रुळालगत भिंत. भिंत बांधतात ती सरळ, पण दोन-चार महिन्यांत तिला भगदाड पडतं. मी ती भगदाडं वर्षानुवर्षं पाहिली आहेत, त्यामुळे एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो: भगदाड उगाच कुठेही पडत नाही. एका बाजूला वस्ती असते आणि बरोबर समोर, दुसऱ्या बाजूला, शाळा, किराणा, ऑटोचा अड्डा, नाहीतर देशीचं दुकान. पुलावरून जायचं तर अर्धा-पाऊण किलोमीटरचा फेरा, रुळावरून वीस पावलं. डोक्यावर पाण्याची कळशी असलेली बाई फेरा घालणार नाही, आणि मीही तिच्या जागी घातला नसता. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम खरं आहे, आणि रोज सकाळी नऊला ते कलम पायदळी तुडवत दप्तरवाली पोरं शाळेत जातात हेही खरं आहे.

फाटकाआधी ‘सी/फा’, म्हणजे सीटी/फाटक, लिहिलेला पिवळा बोर्ड असतो, तिथे शिट्टी द्यायचीच. भगदाडाला बोर्ड नसतो. पण या सेक्शनवर काम केलेल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या डोक्यात भगदाडांचा नकाशा असतो. नवा सहायक आला की जुना माणूस सिग्नल दाखवतो तसंच हेही दाखवतो: ‘इथे निळी टाकी दिसली की हॉर्न.’ एकदा अजनीला फलाटावर उभा होतो, एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, ‘तुम्हीच का जी ते भोंगा वाजवणारे? लेकरू आत्ताच झोपलं असते अन् तुम्ही येता.’ मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी निळ्या टाकीपाशी हॉर्न दिलाच.

हॉर्न दिला की माणूस बाजूला होतो, हा मात्र भ्रम आहे. मोठी वस्तू लांबून सरळ आपल्याकडे येत असली की ती हळू येतेय असं डोळ्यांना वाटतं. बैलगाडीचा वेग माणूस बरोबर ताडतो, रेल्वेचा नाही. इलेक्ट्रिक गाडीचा आवाजही पुढच्या बाजूला फार कमी येतो. खडखडाट ऐकू येतो तो ती बाजूनं जाताना. त्यात कानात ते इअरफोन.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे दोन लाईनच्या मधली. अजनीच्या अलीकडे एक माणूस उभा होता. सायकल खांद्यावर, हँडलला डब्याची पिशवी. त्याच्यासमोरून मालगाडी चालली होती आणि तो ती संपायची वाट बघत होता, शहाण्यासारखा. मी दुसऱ्या लाईनवरून येत होतो, हॉर्न सतत वाजवतच होतो. मालगाडीचा शेवटचा डबा गेला आणि त्यानं पाय टाकला. ब्रेक आधीच लावला होता, वेग उतरला होता. शेवटच्या क्षणी त्यानं वर पाहिलं, सायकल टाकली आणि मागे उडी घेतली. सायकलचा चुराडा झाला. गाडी थांबली, मी खाली उतरलो, तर तो तिथेच बसलेला, थरथरत. माझ्याकडे बघून म्हणतो, ‘हॉर्न तं वाजवायचा ना बे!’

मी चिडलो नाही. त्यानं हॉर्न ऐकला होता. तो त्याला समोरच्या मालगाडीचाच वाटला. एका गाडीचा आवाज दुसरीला लपवतो, आणि डबे दुसरीला झाकतात. म्हणून एक गाडी गेली की लगेच निघायचं नाही. ती पुरती दूर जाऊ द्यायची, दोन्हीकडे बघायचं. सध्या तुमच्याकडे एकच लाईन आहे, पण वर्ध्याला जाल, नागपूरला जाल, तेव्हा लेकरांना हे सांगा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

जिथे उडी चुकते तिथे काय होतं, ते मी या सभेत सांगणार नाही. इतकंच सांगतो की त्यानंतर गाडी थांबते, गार्ड म्हणजे आताचे ट्रेन मॅनेजर मागून चालत येतात, स्टेशन मास्तरांना मेमो जातो, आणि काही वेळानं त्याच ड्रायव्हरला तीच गाडी पुढे न्यावी लागते. डब्यात लोक घड्याळ बघत असतात. त्यांचंही चूक नाही, त्यांना ऑफिस असतं.

एक त्रास कुणाच्या लक्षात येत नाही, तो सूर्याचा. वर्ध्याहून नागपूर ईशान्येला. सकाळची गाडी घेऊन निघालो की ऊन तोंडावर. संध्याकाळी परत फिरलो की पुन्हा तोंडावर. सिग्नलच्या दिव्यावर टोपी असते, तरी उन्हात पिवळा आहे की आणखी काही, हे ओळखायला डोळे बारीक करावे लागतात. मे महिन्यात कॅबमध्ये बसणं काय असतं ते विदर्भात वेगळं सांगायला नको. रूळ तापून वाकू नयेत म्हणून भर दुपारी रूळ तपासणारा की-मॅन पायी फिरत असतो. आम्हाला निदान डोक्यावर छप्पर होतं.

आणि संक्रांत. नागपूरला पतंगाचं वेड किती, तुम्हाला माहीत आहे. त्या आठवड्यात पोरं कटलेल्या पतंगामागे वर बघत रुळावर धावतात. वर बघणाऱ्याला समोरचं दिसत नाही. ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्ट असतात. मांजा तारेत अडकला की पोरगं काठी घेऊन काढायला जातं. त्या तारेला हात लावावाच लागतो असं नाही, जवळ गेलं तरी वीज झेप घेते. सुती दोरा असो की नायलॉन, त्या तारेतला पतंग आपला नव्हे.

आता कळंबचं. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी १८६६ मध्ये वर्धा शहर वसवलं आणि लगोलग रेल्वे आली. आज त्या शहरात रूळ कुठे संपतो आणि वस्ती कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. इथल्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला लोक रेल्वेनं यायला लागले की स्टेशनच्या वाटेवर चहाची टपरी येईल, मग लॉज, मग प्लॉट. ते व्हावं, का होऊ नये? फक्त तुमच्या पायवाटा आणि पांदण रस्ते रुळाच्या आधीचे आहेत, हे लक्षात घ्या. रूळ त्यांना आडवा आला. त्या जागी भुयारी मार्ग देतात, आणि अशा मार्गात पावसाळ्यात कंबरभर पाणी साचतं हे मी ठिकठिकाणी पाहिलंय. पाणी साचलं की बैलगाडी थांबते आणि माणूस बांध चढून रुळावर येतो. भगदाडाची सुरुवात अशी होते, भिंत असो वा नसो. तेव्हा ग्रामसभेत स्टेशनला नाव कोणतं द्यायचं यावर भांडण्याआधी भुयारी मार्गातल्या पाण्याचा निचरा कुठे होतो ते बघा. निवेदन आत्ता द्या. वस्ती वाढल्यावर त्याच जागी पूल मागायला वीस वर्षं जातात.

पुढच्या रांगेतल्या मुलांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘ड्रायव्हर कसं व्हायचं?’ सरळ ड्रायव्हर होता येत नाही. आधी सहायक लोको पायलट, त्यासाठी रेल्वे भरती मंडळाची परीक्षा. दहावी आणि आयटीआय, नाहीतर इंजिनीअरिंगचा डिप्लोमा. लेखी झाली की संगणकावर मानसिक क्षमतेची वेगळी चाचणी, आणि मग डोळे. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी ६/६ दिसलं पाहिजे, रंग ओळखता आले पाहिजेत, आणि लेझर करून चष्मा घालवलेला चालत नाही. दोन-दोन वर्षं क्लास लावून, पास होऊन, डॉक्टरच्या टेबलाशी परत फिरलेली पोरं मी पाहिली आहेत. म्हणून फॉर्म भरण्याआधी यवतमाळला जाऊन डोळे तपासून घ्या, रंगाची पुस्तिकाही दाखवायला सांगा. दुसरी चिठ्ठी पगाराची आहे, ती मी वाचत नाही.