पत्ता एक, टपाल सतरा प्रकारचं

(दृश्य: पणजीचं मुख्य टपाल कार्यालय, सकाळ)

पोर्तुगीज काळात या इमारतीत तंबाखूचा व्यापार चाले. आता इथं टपाल येतं. पिनकोडचे पहिले तीन आकडे ४०३ दिसले की पाकीट गोव्याचं. उरलेल्या तिनांवरून टपाल कार्यालय कळतं. १९७२ साली ही पद्धत आली आणि कोंबडीचे पाय असलेलं अक्षरही बरोबर खणात पडू लागलं.

(दृश्य: फोंड्याजवळचं घर. सोप्यावर फोन चाळणारे एक गृहस्थ)

हे गावच्या नाट्यमंडळाचे सचिव. जत्रेच्या काल्याला नाटक उभं करायचंय. फोनमध्ये बँकेचा ओटीपी, विजेचं बिल, देवस्थानच्या ग्रुपवरचं सुप्रभात, साड्यांचा सेल आणि नाट्यस्पर्धेचं पत्र, सगळं एकाच रांगेत. इथं पिनकोड काय कामाचा? पत्ता सगळ्यांचा एकच, यांचा!

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्यानं एका संगणकावरून दुसऱ्यावर ईमेल धाडला, तेव्हा ढिगाची चिंता कुणालाच नव्हती. २००४ मध्ये जीमेलनं लेबलं आणली. एकच पत्र 'बँक'मध्येही, 'घर'मध्येही. कागदाला हे कुठलं जमायला! २०१३ मध्ये टॅब आले आणि जाहिराती वेगळ्या बसू लागल्या. आपल्याकडे एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाला आता शेपटी असते: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. म्हणजे आत काय आहे ते पाकिटावरच.

तरी गेल्या वर्षी स्पर्धेचं पत्र जाहिरातींच्या टॅबमध्ये जाऊन बसलं. त्यात 'प्रवेश', 'सवलत', 'शेवटची तारीख' असे शब्द होते. साड्यांच्या सेलमध्ये तरी दुसरं काय असतं? सचिवांना ते दिसलं तेव्हा मुदत उलटून चार दिवस झाले होते.

आमच्या मते संदेश कुणी पाठवला यापेक्षा तो किती दिवस जगणार, यावर त्याची जागा ठरावी. ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं. तो आपोआप पुसला जावा. बिल भरेपर्यंत डोळ्यांसमोर राहावं. पत्र उत्तर जाईपर्यंत वर तरंगावं. सुप्रभातचं काय करायचं, ते आम्हालाही सुचलेलं नाही. उत्तर दिलं नाही तर मामा रुसतात. आणि यंत्रानं बाजूला काय सारलं, ते रोज एकदा एका नजरेत दिसावं. नीटनेटक्या खणात हरवलेलं पत्र ढिगात हरवलेल्यापेक्षा वाईट. ढिगात माणूस निदान शोधतो तरी.

२०१४ मध्ये गूगलनं 'इनबॉक्स' नावाचं अ‍ॅप काढलं होतं. सारख्या संदेशांचे गठ्ठे बांधायचे, नको ते उद्यावर ढकलायचं. २०१९ मध्ये ते बंद झालं. उद्यावर ढकलायची सोय तेवढी जीमेलमध्ये उरली.

(दृश्य: भिंत. तारेला खोचलेली बिलं, शेजारी कालनिर्णय)

भरलेली बिलं तारेला, न भरलेली कालनिर्णयच्या मागे. यंदाच्या स्पर्धेच्या तारखेभोवती लाल गोल.

"पप्पा, फोनवर रिमाइंडर लावा ना!" लेक आतून ओरडते.

"लावतो गो," म्हणत ते लाल पेनाचं टोपण शोधतायत.