दोन कंठ्यांचा पक्षी आणि एडवर्ड ब्लाइथ

(दृश्य : लाकडी कपाटाचा खण हळूच बाहेर ओढला जातो.)

खण उघडला की आधी वास येतो, जुन्या लाकडाचा आणि डांबरगोळ्यांचा. मग दिसतात पक्षी. ओळीने उताणे ठेवलेले, पंख अंगाशी मिटलेले, डोळ्यांच्या जागी कापूस. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली. कुठे मिळाला, कधी मिळाला, नर की मादी. या चिठ्ठीवर नाव यायचं, तर कुणीतरी त्या पक्ष्यासमोर तासन्‌तास बसावं लागतं.

1841 च्या सप्टेंबरात असा एक बसणारा माणूस कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरला. वय 30. नाव एडवर्ड ब्लाइथ.

(दृश्य : लंडनचं जुनं रेखाचित्र.)

जन्म लंडनचा, 1810 चा. दहा वर्षांचा असताना वडील गेले. थोडंफार रसायनशास्त्र शिकून त्याने टूटिंगला औषधांचं दुकान घेतलं. पण दुकानदार पहाटे तीन-चारला उठून वाचत, टिपणं काढत, हाडांची चित्रं काढत, पक्ष्यांत भुसा भरत बसला, तर गल्ल्यावर कोण बसणार? दुकान बुडालं.

त्याच काळात, 1835 ते 1837 या वर्षांत, त्याने एका निसर्ग-मासिकात काही लेख लिहिले. रानात वेगळी किंवा दुबळी निपजलेली पिल्लं टिकत नाहीत, म्हणून जात आपल्या मूळ रूपात राहते, असं त्याचं म्हणणं. जगण्याचा हा झगडा त्याला दिसला होता. त्या झगड्यातून नव्या जाती घडतात, हे मात्र पुढे डार्विनने मांडलं. डार्विनने ब्लाइथची कल्पना उचलली, असा आरोप विसाव्या शतकात झाला. मला तो पटत नाही. का पटत नाही, ते पुढे येईलच.

(दृश्य : कलकत्ता, पार्क स्ट्रीट, एशियाटिक सोसायटीची इमारत.)

सोसायटीचं संग्रहालय 1814 पासूनचं. ब्लाइथ त्याचा क्युरेटर झाला. पगार महिना 250 रुपये, घरभाड्याला थोडे वेगळे. हा पगार वीस वर्षं तसाच राहिला. वाढवून मिळावा म्हणून अर्ज लंडनपर्यंत गेला, मंजूर झाला नाही.

आणि काम केवढं! दार्जिलिंगच्या बाजूने, ब्रह्मदेशातून, सिलोनहून, मद्रासकडून कातडी यायची. पाठवणारे सगळे हौशी, कुणी डॉक्टर, कुणी कॅप्टन, कुणी अधिकारी. पक्षी मारला की छातीपासून खाली चीर द्यायची, आतलं धड काढून टाकायचं, कवटी साफ करायची, कातड्याला आतून सोमलाचा, म्हणजे विषारी आर्सेनिकचा, साबण चोळायचा, कापूस भरायचा आणि शिवायचं. हे सगळं बंगालच्या दमट हवेत. एक पावसाळा नीट काळजी घेतली नाही, तर बुरशी लागते. बुरशीतून वाचलं, तर कीड आणि मुंग्या आहेतच.

(दृश्य : दोन पट्ट्यांच्या छातीचा पक्षी, रेखाचित्र.)

मद्रासच्या फौजेतले डॉक्टर होते थॉमस जेर्डन. नेल्लोर आणि कडप्प्याच्या बाजूच्या पूर्व घाटातल्या एका पक्ष्याची माहिती त्यांच्याकडून ब्लाइथपर्यंत पोचली. लांब पायांचा, झुडपांत धावणारा, छातीवर दोन तपकिरी पट्टे असलेला. ब्लाइथने तो जिवंत पाहिला नव्हता. तरी 1848 साली त्याने त्याला शास्त्रीय नाव दिलं, बायटॉर्क्वेटस, म्हणजे दोन कंठ्यांचा. आज आपण त्याला जेर्डनचा धाविक म्हणतो. हा पक्षी लक्षात ठेवा.

पक्ष्यांची जंत्री छापायला उशीर होतो, क्युरेटर पाखरांतच रमतो, बाकीच्या वस्तूंकडे बघत नाही, अशी कुरबुर सोसायटीत होत राहिली. पण एका माणसाच्या दोन हातांना किती पुरं पडायचं, याचा हिशोब कुणी केलेला दिसत नाही.

(दृश्य : दौत, टाक, पातळ कागदावरचं दाट अक्षर.)

मग 1855 मध्ये पत्रं सुरू झाली. कलकत्त्याहून इंग्लंडला, चार्ल्स डार्विनला. पानंच्या पानं. गुरांच्या जाती, कबुतरं, कोंबड्या, विचारलेलं आणि न विचारलेलंही. त्याच डिसेंबरात ब्लाइथने डार्विनला कळवलं की वॉलेसचा नवा लेख बघ, चांगला आहे. हा वॉलेस म्हणजे नव्या जाती कशा येतात, याचाच शोध घेणारा दुसरा निसर्ग-अभ्यासक. ज्या लेखाने डार्विनची झोप उडायला हवी होती, तो त्याच्यापुढे ठेवणाऱ्यांत ब्लाइथ होता. एवढ्या मोकळ्या हाताने देणाऱ्या माणसाचं काही चोरावं लागत नाही. आणि डार्विनने ते लपवलंही नाही. 1859 च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात, पहिल्याच प्रकरणात त्याने लिहिलं की ब्लाइथच्या मताला मी जवळजवळ कुणाहीपेक्षा जास्त मोल देईन.

हे लिहिलं ते कोंबड्यांबद्दल. जगातल्या साऱ्या पाळीव कोंबड्या भारतातल्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या, असं ब्लाइथचं मत होतं. ते बव्हंशी खरं ठरलं. 2008 साली जनुकांच्या अभ्यासातून एक भर पडली. कोंबडीची पिवळी कातडी आली ती राखी रानकोंबड्याकडून. आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवतो, तोच हा.

(दृश्य : रिकामी खुर्ची, खिडकीतून पाऊस.)

1854 मध्ये त्याने लग्न केलं. 1857 च्या डिसेंबरात बायको गेली. तिथून तो सावरला नाही. तब्येत ढासळली आणि 1862 नंतर तो इंग्लंडला परतला. पेन्शन वर्षाला 150 पौंड. त्याने जपलेला संग्रह पुढे 1866 साली स्थापन झालेल्या इंडियन म्युझियममध्ये गेला. जेर्डनचा भारतीय पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ तोवर बाहेर आला होता, आणि तो याच कपाटांच्या आधाराने उभा राहिला. ब्लाइथचा स्वतःचा तसा ग्रंथ झालाच नाही. 27 डिसेंबर 1873 ला तो लंडनमध्ये वारला. ब्रह्मदेशातल्या पशुपक्ष्यांवरचं त्याचं काम 1875 मध्ये, त्याच्या मागे छापलं गेलं.

(दृश्य : रात्र, काटेरी झुडपं, विजेरीचा झोत.)

आणि तो दोन कंठ्यांचा पक्षी? 1860 च्या दशकात तो गोदावरीच्या खोऱ्यातही नोंदला गेला, आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळ. 1900 नंतर मात्र कुणालाच दिसला नाही. संपला, असं सगळे धरून चालले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची माणसं त्याचं चित्र घेऊन आंध्रातल्या गावागावांत विचारत फिरली. 1986 च्या जानेवारीत, कडप्पा जिल्ह्यात, गावातल्या एका फासेवाल्याने रात्री झुडपांत एक पक्षी हाताने धरला. छातीवर दोन पट्टे. ब्लाइथने वर्णन केले होते तसेच.

तो पक्षी काही दिवसांतच मेला. त्याचं कातडं आता मुंबईत आहे, सोसायटीच्या संग्रहात.

(दृश्य : खण हळूच आत सरकतो.)