दगडांखालचे अतिक्रमण

न्यू जर्सीच्या या किनाऱ्यावर ओहोटी लागली की खेकडे दिसेनासे होतात. ते समुद्रात गेलेले नसतात, दगडांखाली शिरलेले असतात. एक दगड उलटला की ओल्या वाळूवरून अनेक खेकडे एकदम तिरके पळत सुटतात आणि शेजारच्या फटीत घुसतात. त्यांतला एक जवळून पाहू. चौकोनी पाठ, रुंदी फार तर चार सेंटिमीटर, पायांवर फिकट-गडद पट्टे, नांग्यांवर लाल ठिपके, डोळ्यांमागे दोन्ही कडांना तीन-तीन दाते; आणि नर असेल तर नांगीच्या बेचक्यात एक मऊ, मांसल फुगवटा.

हा आशियाई किनारी खेकडा, शास्त्रीय नाव हेमिग्रॅप्सस सँग्विनियस. जपान, कोरिया, चीन आणि रशियाचा पूर्व किनारा हे त्याचे मूळ घर. १९८८ मध्ये तो न्यू जर्सीतील टाउनसेंड्स इनलेट येथे प्रथम आढळला. त्याचे डिंभ, म्हणजे अंड्यांतून निघालेले तरंगते बाल्यरूप, बहुधा जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या पाण्यातून) आले असावेत. त्यानंतर तो दक्षिणेला नॉर्थ कॅरोलिनापर्यंत आणि उत्तरेला मेनपर्यंत पसरला. १९९९ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्यांवरही त्याची नोंद झाली.

मादी एका खेपेला पन्नास हजारांपर्यंत अंडी घालते आणि एका हंगामात अशा अनेक खेपा होतात. अंड्यांतून निघालेले डिंभ उबदार पाण्यात साधारण महिनाभर प्रवाहाबरोबर वाहत राहतात. पाणी थंड असेल तर हा काळ बराच लांबतो, आणि उत्तरेकडे त्याचा प्रसार मंदावण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. मेगालोपा या अखेरच्या अवस्थेत मात्र डिंभाला जागा निवडावी लागते. आपल्याच जातीच्या प्रौढ खेकड्यांनी पाण्यात सोडलेली रसायने जाणवली की मेगालोपा लवकर कात टाकून पिल्लू खेकडा होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे जिथे वस्ती असते तिथेच ती आणखी दाटते, आणि काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये शंभराहून अधिक खेकडे सापडतात.

नुसत्या वाळूत त्याला आसरा मिळत नाही. पण वालुकामय किनाऱ्यांवर माणसाने दगडी धूपप्रतिबंधक बंधारे आणि जेट्टी उभारल्या आहेत, आणि प्रसाराच्या चर्चेत जहाजांना जेवढा दोष दिला जातो, त्यातला थोडा या बांधकामांकडेही जायला हवा.

याच दगडांखाली पूर्वी युरोपातून आलेल्या हिरव्या खेकड्याची पिल्ले वाढत असत. (तोही परकाच, १८१७ पासून अमेरिकेत त्याची नोंद आहे.) अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशाच्या दक्षिण भागात आशियाई खेकड्याने त्याला भरती-ओहोटीच्या खडकाळ पट्ट्यातून जवळजवळ हुसकावले असून, ओहोटीरेषेखालच्या पाण्यात मात्र हिरवा खेकडा टिकून आहे. नवागत शेवाळही खातो आणि लहान शिंपलेही, त्यामुळे एखादे भक्ष्य कमी झाले म्हणून त्याचे अडत नाही.

बॅलास्ट पाण्याविषयीचा २००४ चा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला. त्यामुळे महासागरापलीकडची नवी झेप रोखता येईल. एकदा रुजलेल्या खेकड्याचे डिंभ किनाऱ्याकिनाऱ्याने वाहून नेणाऱ्या प्रवाहांवर मात्र या कराराचा काहीही परिणाम होत नाही.