सोल, वॉशिंग्टन आणि शेजारचा अणुबॉम्ब

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण कोरियाबद्दल बोलायचं तर सुरुवात एका मराठी माणसापासून करता येते. मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. १९५३ साली कोरियन युद्ध थांबलं, तेव्हा मायदेशी परत जायला तयार नसलेल्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळायचं काम भारतीय तुकडीवर आलं. तिचे प्रमुख होते थोरात. पण दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी ठणकावून सांगितलं, की भारतीय सैनिकांचं पाऊल आमच्या जमिनीवर पडू देणार नाही. शेवटी अमेरिकनांनी आपल्या जवानांना हेलिकॉप्टरमध्ये बसवून दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात थेट नेऊन उतरवलं.

हे री भारताशी असे वागले, तसेच अमेरिकेशीही वागले होते. युद्धविरामाचा करार जवळजवळ ठरला होता. अमेरिकेला युद्धातून बाहेर पडायचं होतं. रींना ते नको होतं, त्यांना उत्तर कोरियावर चाल करून जायचं होतं. १८ जून १९५३ रोजी त्यांनी छावण्यांचे दरवाजे उघडून सुमारे २५ हजार कैदी परस्पर सोडून दिले. त्याने युद्धविरामच धोक्यात आला. वॉशिंग्टन संतापलं. आणि तरीही १ ऑक्टोबरला दोन्ही देशांनी परस्पर संरक्षणाच्या करारावर सह्या केल्या! रींनी युद्धविरामात आडवं यायचं थांबवावं, याची ती किंमत होती. दक्षिण कोरियाच्या फौजेची सूत्रं मात्र अमेरिकी सेनापतीच्या हाती राहिली. म्हणजे या व्यवहारात संरक्षणाची हमी होती, तसाच लगामही होता.

हे मी मुद्दाम आधी सांगितलं. सोल आणि वॉशिंग्टनमध्ये जरा काही बिनसलं, की ‘आता ही युती संपणार’ असं लिहून येतं. माझं म्हणणं असं, की ही युती जन्मली तीच भांडणातून. प्रश्न भांडण आहे का हा नाही. भांडण चालू असतानाही धाकट्या देशाच्या हाती काहीतरी ठोस लागतंय का, हा आहे.

धाकट्याला दोन भीती असतात. एक, थोरला आपल्याला सोडून जाईल. दुसरी, थोरला आपल्याला नको त्या लढाईत ओढेल. आता सोल सीमेपासून किती लांब? जेमतेम ५० किलोमीटर. आपल्याकडे पुण्याहून कामशेत असेल, तेवढंच. बॉम्बचं सोडा, उत्तरेच्या साध्या तोफाही या महानगरापर्यंत पोचतात. म्हणून या दोन्ही भीती तिथे रोजच्या आहेत.

पहिली भीती काय घडवते, ते १९७१ नंतर दिसलं. निक्सन यांनी सुमारे २० हजार सैनिकांची एक अख्खी डिव्हिजन कोरियातून परत नेली. अध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी गुपचूप स्वतःच्या अण्वस्त्राची तयारी सुरू केली, फ्रान्सकडून प्लुटोनियम वेगळं काढणारा प्रकल्प घ्यायचं ठरवलं. अमेरिकेने एवढा दबाव आणला, की १९७६ मध्ये तो सौदा मोडला. आपल्याला हे अनोळखी वाटू नये. १९६४ मध्ये चीनने स्फोट केला, तेव्हा शास्त्रीजींनीही मोठ्या देशांकडून काही हमी मिळते का, हे चाचपून पाहिलं होतं. ती मिळाली नाही. पुढे पोखरण झालं.

दुसरी भीती कळायला २००२ साल पाहावं लागतं. त्या जूनमध्ये अमेरिकी लष्कराच्या एका अवजड वाहनाखाली दोन शाळकरी मुली चिरडल्या गेल्या. वाहनावरच्या सैनिकांना अमेरिकी लष्करी न्यायालयाने निर्दोष सोडलं, आणि सोलच्या रस्त्यांवर मेणबत्त्या घेऊन हजारो लोक उतरले. त्याच सुमारास उत्तर कोरियाचा छुपा युरेनियम कार्यक्रम उघड झाल्याचं अमेरिकेने जाहीर केलं. जानेवारी २००३ मध्ये उत्तर कोरियाने अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडत असल्याचं सांगितलं. वॉशिंग्टनमध्ये कठोर कारवाईची भाषा सुरू होती, सोलला वाटाघाटी हव्या होत्या. आणि सोलमध्ये अध्यक्षपदी निवडून आले होते रो मू-ह्यून, अमेरिकेपुढे वाकणार नाही म्हणणारे.

या रो यांचं मला मोल वाटतं. त्यांनी काय केलं? २००४ मध्ये इराकला, कुर्द भागातल्या एर्बिलला, तीन हजारांवर सैनिक पाठवले. त्यांचेच समर्थक विरोधात होते. पुढे २००७ मध्ये अमेरिकेबरोबर मुक्त व्यापार करारावर सही केली, तीही समर्थकांच्या रोषाला तोंड देत. या सगळ्यामागे एकच धोरण होतं. अमेरिकेला लांबच्या आघाडीवर मदत करायची, आणि त्या बळावर घराजवळचं युद्ध टाळायचं. २००३ च्या ऑगस्टपासून बीजिंगमध्ये सहा देशांची बोलणी सुरू झाली होती, ती चालू राहिली. उत्तरेचा बॉम्ब त्याने थांबला नाही. ९ ऑक्टोबर २००६ रोजी पहिला चाचणी स्फोट झाला, सप्टेंबर २०१७ पर्यंत असे सहा झाले. पण द्वीपकल्पावर युद्धही झालं नाही, आणि दोन्ही देशांत एवढा मतभेद असताना युती मोडली नाही. लोकप्रियतेचा बळी देऊन साधलेलं हे काम आहे, आणि त्याचं श्रेय त्या माणसाला कमी मिळतं.

२०१७ मध्ये उत्तरेची क्षेपणास्त्रं अमेरिकेपर्यंत पोचू शकतात असं दिसलं, आणि प्रश्नच बदलला. सोल वाचवायला अमेरिका लॉस एंजेलिस धोक्यात घालेल का? त्यात ट्रम्प यांनी कोरियातल्या अमेरिकी सैन्याच्या खर्चासाठी सोलकडे वर्षाला पाच अब्ज डॉलर मागितले. शेवटी २०२१ मध्ये, बायडेन यांच्या काळात, सुमारे १४ टक्के वाढीवर तडजोड झाली. पण शंका रुजली ती रुजलीच. दहापैकी सात कोरियन ‘आपला स्वतःचा बॉम्ब हवा’ असं सर्वेक्षणांत सांगू लागले. २०२३ च्या जानेवारीत अध्यक्ष यून यांनीही ती शक्यता जाहीरपणे बोलून दाखवली. एप्रिलमध्ये वॉशिंग्टन जाहीरनामा निघाला. अण्वस्त्रांच्या नियोजनावर सल्लामसलतीसाठी दोन्ही देशांचा गट नेमला गेला, आणि जुलैत अमेरिकेची अण्वस्त्रवाहू पाणबुडी बुसान बंदरात आली. बदल्यात सोलने प्रसारबंदी करार पाळण्याचं वचन पुन्हा दिलं.

सोलने स्वतःचा बॉम्ब केला तर? मला ती वाट घातक वाटते. पोखरणनंतरचे निर्बंध आपण सोसले, कारण आपला गाडा निर्यातीवर चालत नव्हता. कोरियाची तीसेक टक्के वीज अणुभट्ट्यांतून येते, आणि त्यांचं युरेनियम बाहेरून. जहाजं, मोटारी, चिप्स सगळं परदेशी ग्राहकांवर. आणि सोलनंतर टोकियोत हीच चर्चा सुरू होणार नाही, असं कोण म्हणेल?

ही गोष्ट आपल्यापासून वाटते तेवढी दूर नाही. रांजणगावला एलजी आहे, तळेगावला ह्युंदाई. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात याच दोन उद्योगसमूहांच्या बॅटरी प्रकल्पावर छापा पडला, तीनशेहून अधिक कोरियन कामगारांना बेड्या घातल्या. कोरियात संतापाची लाट आली. आणि दोनच महिन्यांच्या आत अमेरिकेने सोलला अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुड्या बांधायला संमती दिली. अपमान गिळून वस्तू पदरात पाडून घेण्याची रींपासूनची ही रीत अजून चालू आहे. आता त्या पाणबुड्या कुठे बांधायच्या, त्यांचं इंधन कुणी द्यायचं, आणि युद्धकाळात कोरियन फौजेची सूत्रं, जी आजही अमेरिकी सेनापतीकडे आहेत, ती सोलकडे कधी यायची, यावर घासाघीस सुरू राहील. १९५३ मध्ये जी गोष्ट कराराबरोबर लगाम म्हणून राहिली, ती सोडवून घेणं हे सोलचं उरलेलं मोठं काम आहे. ते त्यांनी अमेरिकेला न दुखावता आणि बॉम्बची धमकी न देता साधावं, असं मला मनापासून वाटतं.

नमस्कार.