साडेचार मीटरची पट्टी
(लघु माहितीपट : निवेदन)

(दृश्य : दोन हात, अगदी जवळून. लाल सुती पट्टी. मागे कुठेतरी पंचिंग बॅगेवर पडणारे ठोके.)

निवेदन :
पट्टी साडेचार मीटर लांब आहे. एका टोकाला फास असतो, तो अंगठ्यात अडकवायचा. पट्टी हाताच्या पाठीवरून आणून मनगटाला तीन वेढे द्यायचे. मग वर, बोटांच्या मुळाशी. ठोसा बसतो तो याच हाडांवर, म्हणून इथेही तीन वेढे. मग एकेका बेचक्यातून काढत पुन्हा मनगटाकडे. बांधताना बोटं पसरलेली हवीत. मिटलेल्या बोटांवर बांधली, तर मूठ वळल्यावर रक्त अडतं.

हात ज्यांचा आहे त्यांचं वय ७५. पट्टी बांधणारी मुलगी कॉलेजात शिकते, आठवड्यातून दोनदा इथे सेवेला येते. हात थरथरतोय. ती थरथर थांबायची वाट बघत नाही, थरथरत्या हातालाच पट्टी बांधते.

(दृश्य : सकाळ. वाहनतळ. काठ्या, वॉकर, एकमेकांच्या आधाराने येणारी माणसं. दारावर रंगवलेला बॉक्सिंगचा हातमोजा.)

निवेदन :
अमेरिकेतल्या इंडियाना राज्याची राजधानी, इंडियानापोलिस. मोटारींच्या शर्यतीमुळे हे नाव आपल्याला ऐकून माहीत. आम्ही आलो ते या दाराआड काय चालतं ते बघायला.

इथे येणाऱ्या प्रत्येकाला पार्किन्सन्स आहे. आपल्याकडचा जुना शब्द, कंपवात. बहुतेक जण साठीच्या पुढचे. आणि ही सगळी मंडळी बॉक्सिंग शिकतात.

(दृश्य : भिंतीवरचे जुने फोटो. कॅमेरा सावकाश सरकतो.)

निवेदन :
या गोष्टीची सुरुवात एका सरकारी वकिलापासून झाली. स्कॉट न्यूमन, इथल्या मॅरियन काउंटीचे माजी मुख्य फिर्यादी वकील. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. गुन्हेगारांना शिक्षा व्हावी म्हणून कोर्टात उभं राहून बोलणारा माणूस. वयाच्या चाळिशीत त्यांना पार्किन्सन्सचं निदान झालं.

व्हिन्स पेरेझ हा त्यांचा मित्र. तरुणपणी गोल्डन ग्लोव्हज या हौशी स्पर्धांच्या रिंगमध्ये उतरलेला. मित्र खचत चाललाय हे त्याने पाहिलं आणि त्याला हातमोजे घालायला लावले. समोरासमोर, एकास एक सराव. दोरीच्या उड्या, बॅग, पॅड, घाम. न्यूमन यांना आपल्या अंगात फरक जाणवायला लागला. पाऊल उचलायला लागलं, रोजची कामं सुधारली. हे एकट्यापुरतं ठेवायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि २००६ मध्ये 'रॉक स्टेडी बॉक्सिंग' ही ना-नफा संस्था उभी राहिली. क्रिस्टी रोझ फॉलमार ही व्यावसायिक मुष्टियोद्धा सुरुवातीच्या काळातच प्रशिक्षक म्हणून आली. आज या पद्धतीचे वर्ग जगात शेकडो ठिकाणी चालतात.

(दृश्य : रिकामी रिंग. दोरांवर ऊन.)

निवेदन :
बॉक्सिंग आणि पार्किन्सन्स म्हटलं की आठवतात मुहम्मद अली. १९८४ मध्ये त्यांचा आजार जाहीर झाला. १९९६ साली अटलांटात ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्यांचा थरथरणारा हात साऱ्या जगाने पाहिला. डोक्यावर वर्षानुवर्षं बसणारे ठोसे मेंदूला मारक असतात, यात दुमत नाही. म्हणूनच या दाराआडचा पहिला नियम पक्का आहे : कुणी कुणाला मारायचं नाही. मार खायचा तो बॅगेने आणि कोचच्या हातातल्या पॅडने. इथे घेतलाय तो मुष्टियोद्ध्याचा सराव. लढत घेतलेली नाही.

(दृश्य : बँकेच्या दोन जुन्या स्लिपा, टेबलावर एकाखाली एक. वरची सही ठसठशीत, खालची मुंगीएवढी.)

निवेदन :
या दोन्ही सह्या माझ्या वडिलांच्या आहेत. मधे सहा वर्षं गेली आहेत.

खालची स्लिप बँकेने परत केली होती. सही जुळत नाही म्हणून. बाबा काउंटरपाशी उभे राहून पुन्हा पुन्हा सही करत होते आणि प्रत्येक सही आधीच्यापेक्षा लहान होत होती. पैसे त्यांचेच, खातं त्यांचंच. घरी आल्यावर ते कुणाशी बोलले नाहीत.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ मध्ये या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिला. मेंदूच्या आत खोलवर डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी असतात. त्या मरत जातात आणि हालचालीचा हुकूम क्षीण होतो. कंप सगळ्यांना दिसतो. पण घरात राहणाऱ्याला दुसरंच दिसत असतं : माणूस लहान होत जातो. अक्षर लहान, आवाज लहान, पाऊल लहान. चालताना हात हलेनासे होतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे त्याचं त्यालाच ते कळत नाही. आपण नेहमीसारखंच बोलतोय, नेहमीएवढंच पाऊल टाकतोय, असंच त्याला वाटतं.

बाबांना जपा, पडू देऊ नका, असं आम्हाला सांगितलं गेलं. आम्ही जपलं. म्हणजे खुर्चीत बसवून ठेवलं. चहा हातात दिला, चपला पायात घातल्या, शर्टाची बटणं लावली. आम्ही प्रेमानेच केलं हो सगळं. पण या जिममध्ये पहिल्या दिवशी एक तास उभा राहिलो आणि त्या खुर्चीच्या आठवणीने पोटात तुटलं.

(दृश्य : घंटा. वर्ग सुरू. गोल करून उभी माणसं. कोच मधोमध.)

निवेदन :
आधी अंग मोकळं करणं. मान, खांदे, कंबर. मग आकडे म्हणायचे, तेही ओरडून. एक! दोन! तीन! कोच कानामागे हात धरते : ऐकू नाही आलं. पुन्हा. या आजारात आवाज छातीतच राहतो, म्हणून इथे ओरडणं हाही व्यायाम.

(दृश्य : पाय. फरशीवर चिकटवलेल्या पट्ट्या. टाच वळते.)

निवेदन :
आता पायांकडे बघा.

एक पाय पुढे, एक मागे, मधे खांद्याएवढं अंतर, गुडघे किंचित वाकलेले. बॉक्सरचा हा पवित्रा मुळात तोल सांभाळायलाच आहे. त्यात उभं राहून जॅब मारायचा, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. हात पूर्ण लांब गेलाच पाहिजे, अर्धा चालणार नाही. मग क्रॉस, मागच्या हाताचा. तो नुसत्या हाताने बसतच नाही. मागची टाच वळते, कंबर वळते, पाठ वळते, मग खांदा आणि शेवटी मूठ. पार्किन्सन्समध्ये धड लाकडासारखं ताठ होतं, अंथरुणात कुशीवर वळणंही जड जातं. इथे एका राउंडमध्ये तेच धड कितीदा वळतं, मोजून बघा.

(दृश्य : कोच पॅड धरून. समोर पांढऱ्या केसांच्या आजी. कोच आकडे पुकारते.)

निवेदन :
प्रत्येक ठोशाला आकडा आहे. एक म्हणजे जॅब. दोन, क्रॉस. तीन, हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा. कोच पुकारते : एक, दोन. एक, दोन, तीन. आणि मधेच एक पाऊल मागे. आजींनी आकडा ऐकायचा, ठोसा आठवायचा, पाय हलवायचे, तोल राखायचा आणि मारायचं. सगळं एका श्वासात. घरात फोनवर बोलता बोलता दार उघडायला जावं, तेव्हा मेंदूला हेच करावं लागतं. माणसं अनेकदा पडतात ती अशाच वेळी.

आणि हा आवाज ऐका.

(दृश्य : पॅडवर बसलेला ठोसा. आजींचा चेहरा. इथे सहा सेकंद निवेदन नको.)

(दृश्य : चटया. माणसं जमिनीवर. उठण्याचा सराव.)

निवेदन :
जमिनीवरून उठणं इथे मुद्दाम शिकवतात. कुशीवर वळा, हातांवर या, एक गुडघा पुढे, हात मांडीवर, आता वर. मदतनीस बाजूला उभा आहे, पण हात पाठीमागे बांधून. ज्यांचा तोल फारच जातो त्यांच्या कमरेला पट्टा असतो आणि तो धरायला माणूस. पण उठायचं आपलं आपण.

(दृश्य : भिंतीलगत बसलेले नवरे, बायका, मुली.)

निवेदन :
फायदा काय, हे लोक विचारतात. इंडियानापोलिस विद्यापीठाच्या संशोधकांनी ३१ रुग्णांचे दोन गट करून पाहिले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले : बॉक्सिंग आणि नेहमीचा सामूहिक व्यायाम, दोन्हींनी तोल आणि हालचाल सुधारली. चालण्याचा वेग आणि दम बॉक्सिंगवाल्यांचा वाढला, तोलाबद्दलचा आत्मविश्वास दुसऱ्या गटाचा जास्त वाढला. आजार बरा होत नाही, गोळ्या वेळेवर घ्याव्याच लागतात. हृदयाचं दुखणं किंवा ठिसूळ हाडं असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. पण हालचाल हवीच, आणि ती फक्त या रुग्णांनाच नाही. पासष्टीपुढच्या सर्वांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्याकडेही हे ओळखणारे आहेत. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णाला शुभार्थी म्हणतं आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. पुण्यात या मंडळींसाठी नृत्याचे वर्गही चालले आहेत. मग पंचिंग बॅग का नको? गावोगावी तालमी आहेत, सकाळी दहानंतर रिकाम्याच असतात. एक बॅग, चार खुर्च्या, जाणकार प्रशिक्षक आणि बाजूला उभी राहणारी दोनचार तरुण पोरं. माझी कळकळीची विनंती आहे, कुणीतरी हे सुरू करा. मी बॅग घेऊन येतो.

(दृश्य : वर्ग संपलेला. हातमोजे टोपलीत. बाकावर पहिल्या दृश्यातले गृहस्थ, हाताला लाल पट्टी. शेजारी पत्नी.)

निवेदन :
आता पट्टी सोडायची. ती तशीच चुरगाळून पिशवीत टाकत नाहीत. मांडीवर धरून, ताणून, घट्ट गुंडाळायची, म्हणजे पुढच्या वेळी नीट सुटते.

पत्नीने हात पुढे केला. ते मानेनेच नको म्हणाले.

(इथून पुढे निवेदन नाही. संगीत नाही. पट्टी पूर्ण गुंडाळली जाईपर्यंत दृश्य कापू नये.)