घड्याळवाल्याचा फुटबॉल

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं. फळ्यावर विषय छान लिहिलाय, "कोच पेपरात लिहायला लागतो तेव्हा", आणि खाली कुणीतरी हौसेने गोल चेंडू काढलाय. तो चुकलाय हो. आपण बोलणार आहोत अमेरिकन फुटबॉलबद्दल, त्याचा चेंडू पपईसारखा, आणि त्याला पाय लागतो तोही क्वचितच.

माणूस म्हणजे वॉल्टर कॅम्प. जन्म १८५९, कनेक्टिकटचा, येल कॉलेजकडून खेळला, मग डॉक्टरकी शिकायला लागला, ती अर्ध्यात सोडली आणि घड्याळाच्या धंद्यात शिरला. न्यू हेवन क्लॉक कंपनी. पुढे तो तिथला अध्यक्षही झाला. हे घड्याळ लक्षात ठेवा, कारण माझं म्हणणं असं की या माणसाने खेळाला काय दिलं असेल तर वेळ काढणाऱ्यावर लगाम दिला.

म्हणजे बघा, १८८१ साली येल आणि प्रिन्स्टनची मॅच झाली. त्याआधी वर्षभर कॅम्पच्याच सांगण्यावरून नियम बदललेला, रग्बीतली ती चेंडूभोवतीची झोंबाझोंबी बंद, चेंडू एका टीमच्या ताब्यात द्यायचा आणि तिने तो लाइनवरून खेळायला घ्यायचा. पण ताबा कधी सोडायचा हे कुणी लिहिलंच नव्हतं! झालं, प्रिन्स्टनवाले पहिला हाफ चेंडू धरून बसले, दुसऱ्या हाफमध्ये येलवाल्यांनी तेच केलं. शून्य-शून्य. लोक वैतागले. मग १८८२ मध्ये नियम आला, तीन डाउनमध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू समोरच्याला द्या. आपल्याकडे कबड्डी बघणाऱ्याला हे समजवायला दोन सेकंद लागतात: दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय, गुण आण नाहीतर बाहेर बस. रोग तोच, औषधही त्याच जातीचं. आणि पाच यार्ड मोजायचे म्हणून मैदानभर पट्टे मारले, ते दिसायला लागलं भाजायच्या जाळीसारखं, म्हणून त्या मैदानाला ग्रिडआयर्न म्हणायला लागले.

आता कोचिंग. इथे माझी लाडकी गोष्ट आहे, घरच्यांनी चाळीस वेळा ऐकलीय, तुम्ही एकदा ऐका.

१८८८ साली कॅम्प येलचा कोच झाला. बिनपगारी. आणि दिवसभर कंपनीत! प्रॅक्टिस दुपारी, साहेब ऑफिसात घड्याळं विकतायत. मग मैदानावर कोण? त्याच वर्षी जूनमध्ये लग्न झालेलं, बायको ॲलिस, घरात ॲली, मी आपलं ॲलीवहिनीच म्हणतो. येलचे ते प्रसिद्ध समाजशास्त्राचे प्रोफेसर समनर, त्यांची ही सावत्र बहीण. तर वहिनी रोज दुपारी मैदानावर, कडेकडेने फेऱ्या मारत, कोण ढिला पडतोय, कोण उशिरा उठतोय सगळं टिपून घेत. रात्री घरी रिपोर्ट. मग खेळाडू घरी यायचे आणि कॅम्प त्यांना, जे स्वतः पाहिलंच नाही ते, इतकं बारकाईने सांगायचा! विचार करा, नवीन लग्न झालंय, संध्याकाळी नवरा घरी येतो आणि विचारतो, डावीकडचा गार्ड आज कसा होता? आमच्या घरी हे झालं असतं तर मी आज इथे उभा नसतो.

आणि निकाल काय? १३ मॅचेस, १३ विजय, येलचे गुण ६९८, समोरच्या सगळ्यांचे मिळून शून्य. शून्य हो! त्या टीममध्ये हेफेलफिंगर, स्टॅग असे नावाजलेले खेळाडू होते, मान्य, पण रेकॉर्डमध्ये कोच एकच, वॉल्टर कॅम्प. मला विचाराल तर त्या कॉलममध्ये दोन नावं पाहिजेत.

याच्याशी माझं एक जुनं दुखणं जोडलेलं आहे, सांगतोच. शाळेत असताना तालुक्याची कबड्डीची फायनल, शेवटच्या मिनिटाला माझी रेड, दोन गडी आणले, आम्ही जिंकलो. पण समोरच्या शाळेचे पीटीचे सर एका पेपरला बातम्या द्यायचे. दुसऱ्या दिवशी बातमी आली: त्यांच्या पोरांची सात नावं, "झुंजार", "नेत्रदीपक", आणि आमच्याकडून "एका खेळाडूने". तो एक खेळाडू मी! वडिलांनी कात्रण काढायला कात्री आणून ठेवलेली, ती तशीच ड्रॉवरमध्ये गेली. तेव्हापासून खेळवणारा आणि लिहिणारा एकच दिसला की माझे कान उभे राहतात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, मूळ विषय आत्ता कुठे सुरू होतोय... बरं, भराभर.

कॅम्प हळूहळू मैदानावरून कागदावर सरकला. जवळजवळ ३० पुस्तकं, अडीचशेच्या वर लेख. १८८९ पासून ऑल-अमेरिका टीम, म्हणजे देशातले सर्वोत्तम अकरा. पहिली यादी आली कॅस्पर व्हिटनी या क्रीडापत्रकाराच्या साप्ताहिकात, ती नेमकी निवडली कोणी यावर वाद आहे, पण अकराच्या अकरा हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनचे, वाद नाही! पुढे कोलियर्स साप्ताहिकात ही यादी कॅम्पच्या नावावर वर्षानुवर्षं चालली, शेवटची १९२४ ची. एक माणूस एवढा देश बघणार कसा, टीव्ही नाही, बहुतेक काळ रेडिओही नाही, बरेचसे खेळाडू ऐकीव माहितीवर. परत ॲलीवहिनींचीच पद्धत, फक्त वहिनींइतकी नजर बाकीच्यांना नव्हती.

आणि हाच माणूस नियम समितीवर. नियम करणार हा, येलचा सल्लागार हा, सर्वोत्तम कोण ते छापणार हा. पोरं मैदानावर जखमी व्हायला लागली, ओरड झाली, तेव्हा १८९४ मध्ये जुन्या खेळाडूंना पत्रं पाठवून उत्तरांचं पुस्तकही यानेच काढलं, आणि विरोधातली बरीच उत्तरं त्यात आलीच नाहीत, हे इतिहासकारांनी नंतर दाखवलं. आमचे पीटीचे सर आठवले ना? १९०५ ला प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनवाल्यांना व्हाइट हाउसला बोलावलं, त्यात कॅम्प होताच. दुसऱ्या वर्षी चेंडू पुढे फेकून पास द्यायची मुभा आली, ती याला नकोच होती, याला पाचाचे दहा यार्ड करायचे होते. दोन्ही झालं.

तरी मी त्याला खोटारडा म्हणत नाही. त्याला खरंच वाटायचं की खेळाचं भलं आणि येलचं भलं एकच, आणि असा माणूस फार गोड लिहितो.

१९२५ च्या मार्चमध्ये नियम समितीच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कला गेला, रात्री हॉटेलात झोपला, सकाळी बैठकीला आलाच नाही. खोलीत जाऊन बघितलं तर झोपेतच गेलेला.

हो हो, थांबतो. येलच्या त्या लाखभर डॉलरच्या फंडाची भानगड राहिलीच, ती चहाला सांगतो.